भिंतींना वाचा फुटते तेव्हा

भिंतींना कान असतात, ही म्हण ज्या काळात रूढ झाली त्या काळी निदान भिंती तरी जाड होत्या. आजच्या फ्लॅटमधल्या भिंतींना कान आहेतच, शिवाय वाचाही फुटली आहे. शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की आपल्याकडे गॅस बंद करायला कुणीतरी धावते. वर खुर्ची सरकली की खाली निजलेले बाळ दचकते. भांडण शेजारी पोचू नये म्हणून नवरा-बायकोला भांडावेसुद्धा कुजबुजत लागते!

मग चाळीत काय शांतता होती, असे कुणी विचारील. मुळीच नव्हती. पण चाळीतला आवाज चेहऱ्यासकट येई. रात्रीचा खोकला कोणत्या खोलीतल्या आजोबांचा हे ठाऊक असे आणि सकाळी त्यांची चौकशीही होई. फ्लॅटमध्ये आवाज येतो, माणूस येत नाही. बिनचेहऱ्याच्या आवाजाचा राग अधिक येतो.

परिचयातल्या एका सोसायटीतली हकिगत. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांना मध्यरात्री डोक्यावर ठकठक ऐकू येई. त्यांनी वरच्या कुटुंबाला आधी सुनावले, मग सेक्रेटरीकडे अर्ज दिला. दोन्ही घरांचे बोलणे तुटले. पुढे गणपतीसाठी वरची मंडळी कुलूप लावून कोकणात गेली, आणि त्या रात्रीही ठकठक झालीच! ती येत होती पाचव्या मजल्यावरून, तीही बाजूच्या घरातून. बोलणे पुन्हा सुरू झाले, पण पूर्वीसारखे नाही.

यात चमत्कार काही नाही. आवाज दोन वाटांनी येतो. बोलणे, टीव्ही, गाणे हवेतून येते आणि ते अडवायला वजनदार भिंत लागते. भिंतीचे वजन दुप्पट केले तर पलीकडचा आवाज साधारण पाच-सहा डेसिबलनी उतरतो. दुसरा आवाज आघाताचा. टाच, खुर्ची, खलबत्ता यांचा दणका थेट स्लॅबमध्ये शिरतो आणि तुळया-खांबांतून दूरवर जातो. तो नेमका कुठून निघाला, हे कानाला सांगता येत नाही.

म्हणजे भांडण शेजाऱ्यांचे दिसत असले तरी त्याचे मूळ बांधकामात असते. एफएसआय मोजताना भिंतींची जाडीही क्षेत्रफळात धरली जाते. नऊ इंचीऐवजी चार इंची भिंत घातली की तेवढ्याच एफएसआयमध्ये विकण्याजोगी जागा वाढते. लादी स्लॅबवर बसवताना खाली दणका शोषणारा मऊ थर सहसा घालत नाहीत.

बँकेत असताना गृहकर्जाची पुष्कळ प्रकरणे हाताखालून गेली. टायटल सर्च, मंजूर नकाशा, मूल्यांकन, पगाराचा दाखला, सारे तपासले जाई. दोन घरांमधली भिंत किती जाडीची, असा रकाना मात्र कधी पाहिला नाही. घर घेणारेही नळ कोणत्या कंपनीचे एवढेच विचारीत. २०१६च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली, हे उत्तमच झाले. शांततेचा हिशेब मात्र कुणी मागत नाही. वास्तविक इमारतींमधल्या ध्वनिरोधनाची भारतीय मानक संहिता १९६२ सालची आहे. २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही या विषयाला स्वतंत्र विभाग आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातली. त्यामुळे लाउडस्पीकरविरुद्ध पोलिसांना बोलावता येते. वरच्या मजल्यावरच्या टाचेविरुद्ध कुणाला बोलावणार?

म्हणून नवे घर घेणाऱ्याने दोन प्रश्न जरूर विचारावेत. शेजारच्या घराला लागून असलेली भिंत कशाची आणि किती जाडीची? लादीखाली काय आहे? जमल्यास कुणाला तरी शेजारच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये उभे करून बोलायला लावावे आणि अलीकडे ऐकावे.

राहत्या घरात भिंत बदलता येत नाही, पण दणका उगमापाशी मारता येतो. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, मिक्सरखाली आणि वॉशिंग मशीनखाली जाड रबर, मुले खेळतात तिथे सतरंजी. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावली तर जिन्यातली बडबड कमी होते. भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा थर्मोकोल चिकटवण्याच्या भरीस मात्र पडू नये. त्यांना वजनच नसते, त्यामुळे शेजारचा आवाज त्यांतून सहज येतो.

आणि अर्ज खरडण्याआधी एकदा जिना चढून जावे. जाब विचारायला नव्हे. 'हा आवाज तुम्हालाही येतो का हो?' एवढेच विचारायला. तोही कदाचित आपल्या छताकडे पाहत जागाच असेल.