चार डॉलरची चौकट आणि आमची दोन पोती

धंदा कापडाचा असला तरी आज आम्ही कागदाविषयी लिहीत आहोत. वाचक बंधूंनी याचे नवल करू नये. जुना हातकागद बनायचा तो चिंध्या, दोर आणि जुनी गोणपाटे कुटूनच. म्हणजे माल एका अर्थी आमच्याच बाजारातला.

1989 साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एका गृहस्थाने जुन्या बाजारात चार डॉलरला एक चित्र घेतले. चित्र भिकार होते, त्याला फक्त चौकट आवडली होती. चौकट उघडली तेव्हा मागे घडी घातलेला एक छापील कागद निघाला. 4 जुलै 1776 च्या रात्री फिलाडेल्फियाच्या जॉन डनलॅप या छापखानेवाल्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा घाईघाईने छापला होता, त्यातलीच ती एक प्रत. अशा प्रती जगात जेमतेम पंचवीस-सव्वीस उरल्या आहेत. 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात या कागदाला चोवीस लाख डॉलरच्या वर किंमत आली आणि 2000 साली तोच पुन्हा विकला गेला तो एक्क्याऐंशी लाखांच्या वर. हे वाचून आम्हीही दुकानातल्या तसबिरी उघडून पाहिल्या. मागे 1968 चे कॅलेंडर निघाले.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही, कारण आमच्या घरातला खरा माल आम्ही आधीच विकून बसलो होतो. 1996 मध्ये दुकानाची फरशी बदलली, तेव्हा माळ्यावरून दोन पोती कागद खाली आले. आजोबांच्या वह्या, आडत्यांची पत्रे, पोस्टकार्डे, काही हुंड्या. आजोबांचे मुनीम मोडी लिहायचे. आम्ही शिकलो उर्दू माध्यमात, आम्हाला मोडीचे एक अक्षर लागत नाही. जे वाचता येत नाही ते निरुपयोगी, असा हिशेब करून दोन्ही पोती किलोच्या भावाने रद्दीवाल्याला दिली. चहापाण्याचे पैसे आले.

पुढे तीन वर्षांनी दुकानामागच्या खोलीवरून चुलतभावाशी वाद झाला. वालिदसाहेब हयात होते. ते म्हणाले, आजोबांनी आपल्या भावाला पत्र लिहून खोलीचा निवाडा केला होता, त्याची नक्कल मुनीमजींच्या बस्त्यात असायची. बस्ता कुठे होता हे आम्हाला ठाऊक होते, आणि तो कुठे गेला हेही. खोली कोणाची हे आजही ठरलेले नाही. दोन घरांत लग्नाची दावत जात नाही.

आमच्या चाळीसगावाहून आगगाडीने थोड्याच वेळात धुळे येते. तिथे राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरचे, तळघरातले असेच कागद मागत असत. 1898 पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यातच वारले आणि त्यांचा संग्रह सांभाळायला हे मंडळ उभे राहिले. त्या खंडांत राजेरजवाड्यांच्या लढाया आहेत, तशा सावकारी देण्याघेण्याच्या गोष्टीही आहेत. कोणीतरी बस्ता रद्दीत घातला नाही म्हणूनच त्या आज वाचायला मिळतात.

पाटण्याच्या खुदाबक्ष खानांची तऱ्हा व्यापाऱ्याने ध्यानात घेण्याजोगी आहे. हस्तलिखित घेऊन दारी येणाऱ्याला, माल पसंत पडो न पडो, ते रेल्वेचे दुप्पट भाडे देत. एक अरब गृहस्थ त्यांनी महिना पन्नास रुपयांवर केवळ हस्तलिखिते शोधण्यासाठी ठेवला होता. 1891 मध्ये सुमारे चार हजार हस्तलिखितांसह त्यांचे ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले. माल दारात यावा म्हणून भाडे देणारा गिऱ्हाईक आम्ही आमच्या बाजारात अजून पाहिलेला नाही.

घरात फारसी पोथी असेल तर ती दुआ-तावीजचीच असेल असे धरून चालू नका. आमच्या जवळच्या पाटणे गावी भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, असा शिलालेख आहे. त्याच भास्कराचार्यांची लीलावती अकबराच्या हुकुमाने फैजीने 1587 मध्ये फारसीत आणली. म्हणजे जुन्या फारसी पोथीत हिशेबाचे गणितही निघू शकते. पोथी आधी जाणकाराला दाखवावी. मोडीचेही तेच. ती वाचणारी माणसे आजही आहेत, आणि राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेत आलेले आहे.

आता कामाचे. दलाल घरी आला आणि भाव बोलला तर घाई नको. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने पंचाहत्तर वर्षांवरचे, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित पुरावस्तू ठरते. ते खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही आणि अशा वस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशातल्या गिऱ्हाइकाची लालूच दाखवणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

सांभाळण्याची रीत आम्हा कापडवाल्यांना सोपी आहे. पेशव्यांच्या दफ्तरातले कागद कापडात बांधून ठेवत, त्या गाठोड्याला रुमालच म्हणतात. मात्र कोरे मांजरपाट तसेच वापरू नये. त्यातली खळ कसरीला आवडते. दोन पाण्यांतून धुऊन, खळ काढून, कडकडीत वाळवून मग बांधावे. रंग सुटणारे कापड नको. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये, पुढे तिचा डाग पडतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. काजळीची शाई पाण्याने पसरते, म्हणून ओल्या फडक्याने पुसू नये. जुन्या हातकागदाचे मात्र कौतुक वाटते. आपल्या खानदेशात एरंडोल आणि यावलला कागद बनत असे. तसला कागद दोनशे वर्षांनीही लवचिक राहतो आणि आमची 1950 नंतरची गिरणीच्या कागदावरची बिले हातात घेताच तुटतात.

दोन पोत्यांतून वाचला तो एक बस्ता, आजीच्या पेटीच्या तळाशी अंथरलेला. गेल्या वर्षी धुळ्याच्या एका मोडी जाणकाराकडून तो वाचून घ्यायला सुरुवात केली. खोलीचा अजून उल्लेख नाही. पहिले पत्र मालेगावच्या विणकराचे निघाले. बारा लुगड्यांचे काठ आखूड भरले म्हणून आजोबांनी पैसे कापले होते, त्यावर तो रागावला आहे. उरलेली एकतीस पत्रे अजून वाचायची आहेत.