पन्नाशीनंतर चालण्याचा वेग का मंदावतो? आणि ट्रेडमिलवर तो परत कसा मिळवायचा?

शहापूरकरांचं स्टेशन म्हणजे आसनगाव. सकाळी रिक्षातून उतरायचं, घाईघाईत फलाट गाठायचा आणि लोकल पकडायची, हा कित्येकांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. तिशीत असताना गाडी फलाटात शिरताना दिसली तरी चार ढांगांत डबा गाठता यायचा. पन्नाशी उलटली की तीच गाडी डोळ्यांदेखत निघून जाते. आणि कल्याणच्या पुढे एक लोकल चुकली की पुढच्या गाडीची वाट बघण्यात सकाळ जाते.

मुरबाडला तर रेल्वेच नाही. पण एसटी स्टँडवर वेगळं काही घडत नाही. गाडी लागली की तरुण पोरं पुढे जातात आणि काका-काकू मागे राहतात.

मग कोणीतरी सांगतं, "ट्रेडमिल घ्या." मशीन घरात येतं किंवा जिमची फी भरली जाते. पहिल्याच दिवशी वेगाचं बटण ७ वर जातं, तिसऱ्या दिवशी गुडघा धरतो आणि महिन्याभरात त्या मशीनवर टॉवेल वाळत असतात.

चूक वयाची नसते, मशीनचीही नसते. चूक असते ती पद्धतीची. ट्रेडमिलवरचा आकडा वाढवला म्हणजे पायांचा वेग वाढत नाही. पायांची ताकद आणि दम वाढला की आकडा आपोआप वाढतो. कसं, ते समजून घेऊया.

वेग नेमका हरवतो कुठे?

चालण्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: पाऊल किती लांब पडतं आणि मिनिटाला किती पावलं पडतात. वय वाढतं तसं आधी पावलाची लांबी कमी होते. माणूस पावलं तेवढीच टाकतो, पण अंतर कमी कापलं जातं.

याचं मुख्य कारण पोटरीत आहे. प्रत्येक पावलाला मागचा पाय जमिनीला रेटा देतो आणि शरीर पुढे ढकलतो. हा रेटा पोटरी आणि घोट्यातून येतो. वयानुसार तो कमी होतो आणि त्याची भरपाई कंबरेजवळचे स्नायू करू लागतात. म्हणून खूप चाललं की "कंबर भरून आली" अशी तक्रार ऐकू येते.

दुसरं कारण स्नायूंच्या प्रकारात आहे. स्नायूंमध्ये सावकाश पण दीर्घकाळ काम करणारे तंतू असतात आणि झटकन ताकद लावणारे तंतू असतात. वयानुसार झटकन काम करणारे तंतू आधी बारीक होतात. त्यामुळे दिवसभर शेतात उभा राहणारा माणूसही अचानक धावायची वेळ आली की अडखळतो.

आवणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडच्या बायका तासन् तास वाकून भात लावतात. त्यांच्या काटकपणाबद्दल शंकाच नको. पण कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. एकाच पद्धतीच्या सावकाश कामाने चिवटपणा येतो. वेग हवा असेल तर शरीराला अधूनमधून वेगाचीच सवय द्यावी लागते.

तिसरं कारण म्हणजे दम. फुप्फुसं, हृदय आणि रक्त मिळून स्नायूंना प्राणवायू पोचवतात. ही क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण १० टक्क्यांनी घटत जाते. जे हालचाल चालू ठेवतात त्यांच्यात ही घट कमी असते.

पण वेगाला एवढं महत्त्व कशाला?

लोकल पकडणं हा त्यातला छोटा भाग झाला. डॉक्टर मंडळी चालण्याच्या वेगाकडे नाडी आणि रक्तदाबासारखं तब्येतीचं एक माप म्हणून बघतात.

२०११ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६५ वर्षांवरील ३४,४८५ लोकांची माहिती एकत्र केली होती. नेहमीच्या चालीचा वेग जितका जास्त, तितकी पुढची वर्षं जगण्याची शक्यता जास्त, असं त्यात दिसलं. याचा अर्थ भरभर चाललं की आयुष्य वाढलंच, असा नाही. पण हृदय, फुप्फुसं, सांधे, नसा आणि मेंदू हे सगळं नीट चालत असेल तरच माणूस बऱ्या वेगाने चालतो, एवढं नक्की.

शिवाय मुंबई-आग्रा महामार्ग ज्यांना रोज ओलांडावा लागतो, त्यांना हे वेगळं सांगायला नको. बऱ्याच देशांत पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. त्याहून हळू चालणाऱ्यासाठी रस्त्याची रुंदी वाढल्यासारखीच असते.

आधी स्वतःचा वेग मोजा

मशीनची गरज नाही. अंगणात किंवा ओसरीवर १० मीटर अंतर मोजून दोन खुणा करा. खुणेच्या चार पावलं आधी चालायला सुरुवात करा आणि दुसऱ्या खुणेच्या पुढे जाऊन थांबा. मधल्या १० मीटरला किती सेकंद लागले ते मोबाईलवर बघा.

• १० सेकंद लागले तर वेग ताशी ३.६ किलोमीटर
• ८ सेकंद लागले तर ताशी ४.५ किलोमीटर
• ६ सेकंद लागले तर ताशी ६ किलोमीटर

एकदा नेहमीच्या चालीने आणि एकदा जमेल तेवढ्या भरभर चालून मोजा. हे दोन आकडे लिहून ठेवा. ट्रेडमिलवरची सुरुवात यावरूनच ठरवायची आहे, शेजारच्या मशीनवरच्या तरुणाकडे बघून नाही.

कैद्यांची शिक्षा ते हृदयाची तपासणी

ट्रेडमिलचा इतिहास मजेशीर आहे. १८१८ साली इंग्लंडमध्ये विल्यम क्यूबिट या अभियंत्याने तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायऱ्यांचं एक मोठं चाक तयार केलं. कैद्यांनी तासन् तास ते चाक चढत राहायचं, ही शिक्षा!

पुढे १९६० च्या दशकात अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी चालत्या पट्ट्यावर हृदयाची तपासणी करण्याची पद्धत रूढ केली. आपल्याकडे सगळे जिला 'टीएमटी' म्हणतात ती हीच. तिची पहिली पायरी ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ अशी असते. मग दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. अनेकांना टीएमटीत धाप लागल्याचं आठवत असेल. पण ती परीक्षा आहे, सराव नाही. सराव असा करायचा नसतो.

तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं निवांत

सध्या रील्सवर 'जपानी वॉक' फिरतोय. बऱ्याच व्हायरल गोष्टींमागे काही नसतं, पण याच्यामागे खरं संशोधन आहे. जपानच्या शिन्शू विद्यापीठातील हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. भाग घेणाऱ्यांचं सरासरी वय ६३ होतं. एका गटाने पाच महिने एकाच मध्यम चालीने चालायचं होतं. दुसऱ्या गटाने तीन मिनिटं भरभर आणि तीन मिनिटं सावकाश असं आलटून पालटून चालायचं होतं. मांडीची ताकद, दम आणि रक्तदाब या तिन्हींत आलटून पालटून चालणारा गट पुढे राहिला.

ट्रेडमिलवर हे करणं सोपं जातं, कारण वेग आणि वेळ दोन्ही समोर दिसतात. समजा, तुमची नेहमीची चाल ताशी ४ किलोमीटर आहे. मग बारा आठवडे असे आखता येतील:

आठवडा १ आणि २: आठवड्यातून चार दिवस, ४ च्या वेगाने २० मिनिटं. या काळात फक्त पट्ट्याची सवय करायची आणि हात सोडून चालायला शिकायचं.

आठवडा ३ ते ६: सुरुवातीला ५ मिनिटं सावकाश. मग ३ मिनिटं ५ च्या वेगाने आणि ३ मिनिटं ४ च्या वेगाने, अशा तीन फेऱ्या. शेवटी ५ मिनिटं सावकाश.

आठवडा ७ ते १०: फेऱ्या हळूहळू पाचपर्यंत न्या. भरभर चालायचा वेग आठवड्याला ०.१ ते ०.२ ने वाढवा, त्याहून जास्त नको.

आठवडा ११ आणि १२: वेग तोच ठेवा, पण भरभरच्या टप्प्यात २ ते ३ टक्के चढ द्या. शेवटी अंगणातले १० मीटर पुन्हा मोजा.

वेग बरोबर आहे का, हे बोलून बघा. भरभरच्या टप्प्यात एखादं वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. वाक्यही तुटत असेल तर वेग कमी करा.

चढाचं बटण विसरू नका. ताशी ५ किलोमीटरच्या चालीला ५ टक्के चढ दिला, तर शरीराची मेहनत सपाटीच्या दीडपटीहून जास्त होते. वेग न वाढवता पोटरी आणि मांडीला काम मिळतं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात, पण चढताना दुखत नाहीत, त्यांना धावण्यापेक्षा हा मार्ग बरा.

सोबत आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला धरून टाचा उचलणं पंधरा वेळा आणि पायरीवर चढ-उतार. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामासोबत किमान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाचा सल्ला देते.

धावायला कधी सुरुवात करायची?

ताशी ७ किलोमीटरच्या आसपास एक गंमत होते. त्या वेगाला भरभर चालणं अवघड वाटू लागतं आणि पाय आपणहून धावू पाहतात. सलग ३० मिनिटं आरामात भरभर चालता येत असेल तरच हा टप्पा घ्या. सुरुवातीला १ मिनिट हलकं धावणं, ३ मिनिटं चालणं, अशा पाच फेऱ्या पुरे. लागोपाठ दोन दिवस धावू नका. दम महिन्याभरात वाढतो, पण स्नायूबंध आणि सांध्यांना सवय व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. पन्नाशीतल्या बहुतेक दुखापती या घाईतूनच होतात.

उतारवयात धावणं म्हटलं की महाराष्ट्राला बारामतीच्या लता भगवान करे आठवतात. पतीच्या एमआरआयसाठी पैसे हवे होते, म्हणून साठी ओलांडलेल्या या मजूर बाई नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉन स्पर्धेत उतरल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर २०२० मध्ये मराठी चित्रपट आला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. पण त्या धावल्या त्या गरजेपोटी, आणि त्यांच्या पायांमागे आयुष्यभराचे कष्ट होते. वीस वर्षं खुर्चीत काम केलेल्या माणसाने त्यांच्याकडून जिद्द घ्यावी, अनवाणी धावणं नाही.

या चुका टाळा

हँडल घट्ट धरणं. शरीराचा भार हातांवर गेला की पायांची मेहनत कमी होते. आकडा ६ दाखवतो, पण पाय तेवढं काम करतच नाहीत. तोल जात असेल तर वेग कमी करा.

मैल आणि किलोमीटरचा गोंधळ. काही मशीन ताशी मैलात वेग दाखवतात. तिथला ४ म्हणजे आपला जवळपास साडेसहा किलोमीटर.

विजेचा विसर पडणं. ग्रामीण भागात वीज कधी जाईल याचा नेम नाही. वीज गेली की पट्टा थांबतो आणि माणूस पुढे झुकतो. म्हणून वादळी पावसात किंवा वीज ये-जा करत असताना धावणं नको. सावकाश चाला आणि हँडल हाताशी असू द्या.

सेफ्टी की न लावणं. तिची क्लिप कपड्याला अडकवा, म्हणजे पडलात तर पट्टा थांबेल. व्यायाम झाल्यावर ती काढून ठेवा. घरात नातवंडं असतील तर हे विसरून चालणार नाही, कारण फिरत्या पट्ट्यात लहान बोटं अडकतात.

चपला घालून चालणं. बूट हवेतच. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर रोज रात्री तळवे तपासा.

आधी डॉक्टरांना कोणी भेटावं?

चालताना छातीत दुखणं किंवा दडपण येणं, थोड्या चालण्याने धाप लागणं, चक्कर येणं, आधी हृदयविकार झालेला असणं किंवा स्टेंट बसवलेला असणं, रक्तदाब आटोक्यात नसणं, मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असणं. यातलं काहीही असेल तर आधी तपासणी, मग ट्रेडमिल. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी फार वाढतच नाही. अशा वेळी घड्याळावरच्या ठोक्यांपेक्षा बोलून बघण्याची कसोटी जास्त भरवशाची.

मशीन नसेल तर?

काहीच अडत नाही. विजेच्या दोन खांबांमध्ये भरभर, पुढच्या दोन खांबांमध्ये सावकाश. डोळखांब असो की टोकावडे, खांब सगळीकडे आहेत! ट्रेडमिलचा खरा उपयोग इथल्या धो धो पावसाळ्यात, अंधार लवकर पडणाऱ्या दिवसांत आणि वाहनांच्या गर्दीत होतो.

याच शहापूर तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवरच्या बाया हंड्यासाठी पायपीट करतात. त्यांना चालण्याचा व्यायाम सांगायला जाणं हा विनोद ठरेल. हा लेख आहे तो ज्यांचं चालणं गाडीने आणि खुर्चीने हिरावून घेतलं त्यांच्यासाठी.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरीच्या आज्या गुलाबी साडी नेसून पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या आणि अक्षरं गिरवू लागल्या. पायांचंही तसंच आहे. पन्नाशीतले, साठीतले स्नायूही नव्याने शिकतात, फक्त रोज थोडं थोडं गिरवावं लागतं.

तेव्हा आज मशीन चालू करू नका. आधी अंगणात १० मीटर मोजा आणि तुमचे सेकंद लिहून ठेवा. बारा आठवड्यांनी त्यातले एक-दोन सेकंद जरी कमी झाले, तरी कमाई मोठी आहे!