माँसेग्यूर : भिंती विजेत्यांच्या, स्मृती पराभूतांची

दक्षिण फ्रान्समधील पिरेनीज पर्वतराजीत, सुमारे १२०० मीटर उंचीच्या कड्यावर माँसेग्यूरचा भग्न दुर्ग उभा आहे. रोमच्या चर्चने पाखंडी ठरवलेल्या काथार पंथीयांचे तेराव्या शतकात हे प्रमुख आश्रयस्थान होते. मे १२४३ मध्ये फ्रेंच राजसैन्याने गडाला वेढा घातला. सुमारे दहा महिन्यांनी गड शरण आला. लढवय्यांना जीवदान मिळाले. मात्र श्रद्धा सोडण्यास नकार देणाऱ्या दोनशेहून अधिक काथारांना १६ मार्च १२४४ रोजी जिवंत जाळण्यात आले.

त्यानंतर जुना गड पाडला गेला. आज पर्यटक ज्या भिंती काथारांच्या समजून पाहतात, त्या विजेत्यांच्या राजवटीत नंतर बांधल्या गेल्या. काथारांच्या वस्तीची खरी खूण तटाबाहेर, उत्खननात उघड झालेल्या घरांच्या जोत्यांत उरली आहे.