मुंबई ते लंडन : अंतर व वेळ

लंडनास राहणाऱ्या मुलामुलींच्या मातापितरांस एक कोडें नेहमीं पडतें. हिवाळ्यांत मुंबईहून निघालेलें विमान घड्याळाप्रमाणें साडेचार तासांत लंडनास पोंचतें. मग परत येतांना साडेचौदा तास कां लागावे?

वस्तुतः सरळ हवाई अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर, जातां-येतां तेंच. घोटाळा घड्याळांचा आहे. हिवाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्या साडेपांच तास मागें असतें, उन्हाळ्यांत साडेचार. आणि तिकिटावर ज्या त्या गांवची वेळ छापलेली असते. खरा प्रवास जातांना सुमारें दहा तासांचा, येतांना नऊ तासांचा. हा तासाभराचा फरक उंचावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांमुळें पडतो. ते जातांना आडवे येतात, येतांना पाठीशीं असतात.

८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ विमान कैरो व जिनीव्हामार्गें प्रथम लंडनास निघालें. तत्पूर्वीं बोटीच्या प्रवासास दोन-तीन आठवडे लागत. घरीं कोणी अत्यवस्थ झालें, तर मुलगा येईपर्यंत सारें आटोपलेलें असे.

आज तो दुसऱ्या दिवशीं दारांत उभा राहूं शकतो. परंतु ‘उगाच त्याला काळजी नको’ म्हणून आपणच दुखणें आठवडाभर लपविलें, तर विमानाच्या वेगाचा उपयोग काय ? आमच्या मतें प्रवासाचे तास विमान सुटल्यापासून मोजूं नयेत. घरचें पत्र वा निरोप निघाल्यापासून मोजावे. तेवढा भाग तरी सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.