क्लास-डी अँप्लिफायर: बॉक्सवरचे वॅट आणि खरे वॅट

ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

मागच्या दिवाळीत बाबांचे जुने ८ ओहमचे स्पीकर माळ्यावरून काढले आणि ऑनलाइन एक तळहाताएवढा अँप्लिफायर मागवला. बॉक्सवर छापलेलं: १०० वॅट. पण तबल्यावर जोरात थाप पडली की आवाज फाटायचा. बाबा म्हणाले, "अरे, माझा जुना बरा होता की!" बीटेक झालेल्या पोराला हे लागतंच ना!

आधी एक गैरसमज काढू. क्लास-डीमधला 'डी' म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी वापरून झाले होते, म्हणून डी. जुन्या क्लास-एबीत ट्रान्झिस्टर अर्धवट उघडलेल्या नळासारखा असतो, त्यामुळे बरीच वीज उष्णतेत जाते. क्लास-डीत तो एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद, तेही सेकंदाला लाखो वेळा. गाण्याप्रमाणे 'चालू'चा वेळ कमीजास्त होतो आणि शेवटी कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर त्यातून गाणं गाळून काढतो.

मग चुकलं कुठे? सोबतचा अडॅप्टर १२ व्होल्टचा होता. गणित सोपं आहे: १२ गुणिले १२, भागिले ओहमची दुप्पट, म्हणजे १६. उत्तर ९! एका स्पीकरला जेमतेम ९ वॅट. त्यापुढे लाटेचा माथा कापला जातो, आणि तेच फाटणं. २४ व्होल्टला हाच आकडा ३६ होतो.

आता तुलना. टीपीए ३११६ ही चिप २६ व्होल्टपर्यंत चालते. छोट्या खोलीला पुरे. टीपीए ३२५५ पन्नासच्या वर जाते, म्हणून ताकद जास्त. पण दोन्ही चिप आपली चूक फिल्टरच्या आधी तपासतात, त्यामुळे स्पीकर बदलला की वरचे सूर थोडे बदलतात. फिलिप्समध्ये असताना ब्रुनो पुत्झेस यांनी यूसीडी रचना केली, ती फिल्टरच्या नंतर तपासते. पुढे हायपेक्सच्या एनकोरमध्येही हेच तत्त्व आहे. स्पीकर कुठलाही लावा, फरक नगण्य. अर्थात, पैसेही जास्त.

मी चिप बदललीच नाही. बोर्डवरच्या कपॅसिटरची व्होल्ट मर्यादा तपासली आणि २४ व्होल्टचा अडॅप्टर लावला. थाप स्वच्छ आली. बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त आवाज वाढवला.

तेव्हा खरेदीआधी बॉक्स नाही, अडॅप्टर वाचा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!