जुनी गाडी, नवी चाल : लेखांक ७ – सरळ न जाणारी पद्मिनी

इंजिन बदललं की पद्मिनी पळायला लागते आणि मग पहिल्यांदाच लक्षात येतं, की ती सरळ पळत नाही. मूळच्या १०८९ सीसीच्या, चाळीसेक हॉर्सपॉवरच्या इंजिनावर ताशी पन्नास-साठला जे खपून जायचं, ते हायवेवर नव्वदला खपत नाही. स्टिअरिंग सतत थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत राहावं लागतं. शेजारून ट्रक गेला की गाडी हेलकावते. मालक गॅरेजमध्ये येतो आणि दोन गोष्टी मागतो : पॉवर स्टिअरिंग आणि रुंद टायर. माझं ठाम मत असं, की या दोन्हींचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी ढिलेपणा काढायचा, मग चाकांचे कोन जागेवर आणायचे आणि त्यानंतरच नवं काही बसवायचं.

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून जी फियाट ११०० डी तयार होत होती, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. तिचा मूळ आराखडा इटलीतल्या १९५३ च्या फियाटचा. पुढे दोन-दोन कंट्रोल आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे. त्या काळातल्या छोट्या गाडीसाठी ही रचना उत्तम होती आणि धड अवस्थेत ती आजही छान वळते. स्टिअरिंग मात्र आजच्या गाड्यांसारखं रॅक-पिनियनचं नाही. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खाली वर्म-गिअरचा बॉक्स, त्याला ड्रॉप आर्म, विरुद्ध बाजूला आयडलर आर्म, दोघांना जोडणारी मधली दांडी आणि तिथून चाकांकडे जाणारे टायरॉड. यातला प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजतो आणि ही सगळी झीज एकत्र होऊन तुमच्या हातात येते.

म्हणून पहिलं काम दोन माणसांचं. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. एकाने स्टिअरिंग हलक्या हाताने दोन्हीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने गाडीखाली आडवं होऊन एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी मागाहून हलते, तो सांधा गेला. आयडलर आर्मच्या बुशकडे बहुतेक जण बघतच नाहीत, कारण ती बॉक्सच्या विरुद्ध बाजूला असते. मग पुढची बाजू जॅकवर उचलून चाक वर आणि खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा किंवा आर्मच्या बुशांचा. किंगपिनला ग्रीस मारतानाही चाक उचललेलंच हवं. वजन पिनवर असताना मारलेलं ग्रीस ज्या बाजूला लागायला हवं, तिथे नीट पोचत नाही.

बॉक्सकडे यायचं ते यानंतर. बॉक्सवर एक अ‍ॅडजस्टमेंटचा स्क्रू असतो आणि घाईतला फिटर सगळ्यात आधी तोच आवळतो. इथेच घात होतो. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे बॉक्स मधोमध जास्त झिजतो, टोकांना कमी. मधला खेळ पूर्ण जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर पूर्ण वळणावर स्टिअरिंग जखडतं आणि आपोआप परत येत नाही. अ‍ॅडजस्टमेंट चाकं सरळ ठेवून, थोडीथोडी करायची आणि प्रत्येक वेळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघायची. जखडलं की मागे या. तेवढ्याने भागत नसेल तर वर्म बदलायला झाला आहे, स्क्रूचा त्यात इलाज नाही. बॉक्स जिथे बोल्टने बसतो तिथला पत्राही टॉर्च मारून बघा. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार घेते, आणि गंजलेल्या पत्र्यावर बसवलेला नवा बॉक्ससुद्धा हलतोच.

आता कोन. यातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित कोन म्हणजे कॅस्टर. किंगपिन वरच्या टोकाला किंचित मागे कललेला असतो, त्यामुळे चाक सोडून दिलं की सरळ व्हायला बघतं. हा कल कमी झाला की गाडी भटकते. तो कमी कशाने होतो? आर्मचे बुश गेल्याने होतो, पण आणखी एक कारण आपल्याकडे सर्रास दिसतं. मागे ओझं जास्त म्हणून कोणीतरी कधीतरी पाट्यांमध्ये एक पाटा वाढवलेला असतो. पद्मिनीचा व्हीलबेस २३४० मिलिमीटर. मागची बाजू ४० मिलिमीटर उचलली गेली तर सगळी गाडी सुमारे एक अंश पुढे कलते आणि तेवढाच कॅस्टर जातो. हाताने चालवायच्या स्टिअरिंगच्या गाडीत एकूण कॅस्टरच दोन-चार अंशांचा, त्यात एक अंश म्हणजे फार झाला. स्टिअरिंगवर हजारो रुपये घालवलेल्या गाडीचं दुखणं मागच्या पाट्यात निघू शकतं. अलाइनमेंटवाल्याला नुसतं टो-इन बघायला सांगू नका, कॅस्टरचा आकडा कागदावर मागा.

गाडी खाली बसवण्याची हौस याच्या उलट टोकाची. पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला की गाडी दिसायला झोकदार होते, हे मान्य. पण ८ वेढ्यांतला १ कापला, तर स्प्रिंग जवळजवळ १४ टक्के कडक होते. त्याहून वाईट म्हणजे टायरॉड आणि कंट्रोल आर्म यांचा मेळ बिघडतो. दोघे वरखाली होताना आपापल्या कमानीत फिरतात आणि कारखान्याने या कमानी मूळ उंचीसाठी जुळवलेल्या असतात. उंची बदलली की प्रत्येक खड्ड्यावर टायरॉड चाकाला स्वतःच ओढतो किंवा ढकलतो. तुम्ही स्टिअरिंग हलवलेलं नसतं, गाडी मात्र वळते. स्प्रिंग काढून, जॅकने चाक थोडंथोडं वरखाली करत टो मोजला की हा दोष आकड्यांत दिसतो. सोपा उपाय एकच : मूळ उंचीची स्प्रिंग आणि चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर.

टायर बदलाच, पण विचाराने. मूळचे ५.२०-१४ क्रॉसप्लाय टायर जाऊन रेडिअल आले की गाडी लगेच सुधारते. मात्र चारही रेडिअल हवेत. पुढे रेडिअल आणि मागे क्रॉसप्लाय हा तर जिवावर बेतणारा प्रकार आहे, कारण ओल्या वळणावर मागची बाजू आधी सुटते. १६५/८० आर १४ टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, १९५/६० आर १४ चा सुमारे ५९०. दुसरा टायर रुंद दिसतो, पण गाडी दीड सेंटिमीटर खाली येते आणि पार्किंगमध्ये हात दुखतात. त्यात बाहेर आलेले अलॉय व्हील बसवले तर चाकाचा मध्य किंगपिनच्या रेषेपासून आणखी दूर जातो. मग प्रत्येक खड्डा मनगटापर्यंत पोचतो आणि बेअरिंगही लवकर जातात.

अँटी-रोल बारबद्दल थोडक्यात : तिचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. १६ मिलिमीटरऐवजी १८ मिलिमीटरची बार म्हणजे ६० टक्के जास्त कडक. पुढे जड डिझेल इंजिन बसवलेल्या गाडीला पुढे जाड बार घातली तर ती वळणात आणखी बाहेर जाईल. आधी जुन्या बारचे रबर बुश बदला, बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

एवढं झाल्यावर पॉवर स्टिअरिंग. छोट्या मारुती गाड्यांमधला विजेवर चालणारा कॉलम जुन्या गाड्यांना बसवतात आणि तो हात हलका करतो. पण तो ढिलेपणा काढत नाही. वेगाचा सिग्नल जोडला नाही तर हायवेवरही स्टिअरिंग तेवढंच हलकं राहू शकतं आणि ते नव्वदच्या वेगात नकोसं होतं. कॉलमचा दांडा कापून वेल्ड करणाऱ्याकडे गाडी देऊ नका. जोड स्प्लाइन आणि युनिव्हर्सल जॉइंटचाच हवा. रॅक-पिनियन बसवायचा मोह झाला, तर रॅकच्या टोकाचे सांधे कंट्रोल आर्मच्या आतल्या सांध्यांशी जुळतात का, ते आधी मोजा. जुळत नसतील तर खड्ड्यावर आपोआप वळणारी गाडी तुम्ही पैसे मोजून तयार कराल.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन घालतं. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. झिजलेल्या भागांच्या जागी तसेच नवे भाग बसवायला अडचण नाही.

पुढच्या लेखांकात ब्रेकचा विषय घेऊ. तोवर येत्या रविवारी एका मित्राला स्टिअरिंगवर बसवा, तुम्ही गाडीखाली जा आणि आयडलर आर्मपासून सुरुवात करा.