हा पत्ता आपल्या घरचा नाही

सामुदायिक रेडिओवर बचत गटांसाठी झालेलं बोलणं



आता पुष्कळ गटांचा हिशोब कॉम्प्युटरवर आला आहे. बचत, कर्ज, व्याज, हप्ते, सगळं एका प्रोग्रॅममध्ये भरायचं. तो नीट चालतो तोवर काही वाटत नाही. पण एखाद्या दिवशी मध्येच एक चौकट उघडते, वर ‘एरर’ असं येतं आणि खाली दहा-पंधरा ओळींचा इंग्रजी मजकूर. त्यात ‘डी’ काय, ‘ए’ काय, ‘एस’ काय, मध्ये तिरक्या रेघा काय! सचिवताईंच्या पोटात गोळा येतो. शेजारी बसलेली म्हणते, “तू काहीतरी भलतंच दाबलंस.” मग कुणाला तरी बोलावलं जातं. तो मजकुरातला ‘डी’ बघतो आणि म्हणतो, “तुमची डी ड्राइव्ह गेली. फॉरमॅट मारावं लागेल.”

फॉरमॅट म्हणजे ती ड्राइव्ह कोरी करणं. वेगळी नक्कल ठेवलेली नसेल तर गटाचा वर्षाचा हिशोब त्यात जाऊ शकतो. आणि अनेकदा त्या ‘डी’चा आपल्या कॉम्प्युटरशी काहीच संबंध नसतो. तो कसा नसतो आणि ते आपल्याला कसं ओळखता येतं, ते आज बघू.

फाईलचा पत्ता

कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक फाईलला पत्ता असतो. आपण पत्राचा पत्ता लिहितो तेव्हा आधी नाव, मग गाव, मग तालुका आणि जिल्हा, म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे जातो. फाईलचा पत्ता उलटा चालतो, मोठ्याकडून लहानाकडे. आधी ड्राइव्हचं अक्षर, म्हणजे सी, डी किंवा ई. मग दोन टिंबं. मग तिरकी रेघ आणि फोल्डरचं नाव, परत रेघ आणि आतल्या फोल्डरचं नाव, आणि शेवटी फाईल. बहुतेक कॉम्प्युटरमध्ये सी ही मुख्य ड्राइव्ह असते. पेन ड्राइव्ह लावला की त्याला पुढचं एखादं अक्षर मिळतं, डी, ई किंवा एफ.

पापडाच्या पाकिटावरचा पत्ता

आता प्रोग्रॅम कसा तयार होतो ते पाहू. आपला गट पापड करतो. कृती आपल्या वहीत असते. पीठ मळणं, लाटणं, वाळवणं सगळं आपल्या शेडमध्ये होतं. गिऱ्हाइकाच्या हातात जातं ते फक्त पाकीट. त्यावर आपला पत्ता असतो, बॅच नंबर असतो, अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक असतो. पुण्याच्या बाईने पाकीट उघडलं आणि पापडात खडा निघाला, तर ती पाकिटावरचा पत्ता आपल्या स्वयंपाकघरात शोधत बसत नाही. बॅच नंबर वाचून आपल्याला फोन करते. आपण रजिस्टर उघडून बघतो, त्या दिवशी डाळ कुणी निवडली होती.

प्रोग्रॅमचंही तसंच आहे. तो लिहिणारी माणसं आधी शब्दांत कृती लिहितात. तिला सोर्स म्हणतात. त्या लिखाणापासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं म्हणजे बिल्ड. हे काम बहुतेक वेळा एका वेगळ्या कॉम्प्युटरवर होतं, त्याला बिल्ड सर्व्हर म्हणतात. तो आपल्या पापडाच्या शेडसारखा. आपल्याकडे येतं ते तयार पाकीट.

प्रोग्रॅम तयार होत असताना एक नोंद ठेवली जाते: कुठला भाग कुठल्या फाईलमधल्या कितव्या ओळीवरून आला. विंडोजवरच्या पुष्कळ प्रोग्रॅमच्या बाबतीत ही नोंद ‘पीडीबी’ नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये असते आणि कधीकधी ती फाईल प्रोग्रॅमबरोबर आपल्याकडे येते. मग प्रोग्रॅम अडखळला की तो ही नोंद वाचून दाखवतो. त्या नोंदीत पत्ता असतो तो शेडमधला, म्हणजे बिल्ड सर्व्हरवरचा.

एक संदेश वाचून बघू

समजा, महिनाअखेरीला सचिवताई हिशोबाची नक्कल, म्हणजे बॅकअप, पेन ड्राइव्हवर घेत आहेत आणि ही चौकट आली. मधल्या काही ओळी मी सोडते.

डिरेक्टरी नॉट फाउंड एक्सेप्शन: कुड नॉट फाइंड अ पार्ट ऑफ द पाथ ‘ई:\बॅकअप\मार्च’
अ‍ॅट हिशोब.बॅकअप.सेव्ह इन डी:\ए\१\एस\हिशोब\बॅकअप.सीएस:लाइन ८४

यात दोन पत्ते आहेत. पहिला ‘ई’ने सुरू होतो, दुसरा ‘डी’ने. सगळा घोटाळा होतो तो या दोघांत गल्लत झाल्यामुळे.

पहिली ओळ काय झालं ते सांगते: “ई ड्राइव्हवर बॅकअप नावाचा फोल्डर मला सापडला नाही.” हा पत्ता आपल्या घरचा आहे. ई म्हणजे आपला पेन ड्राइव्ह. तो लावायचा राहिला असेल, सैल बसला असेल, दुसरा लावल्यामुळे अक्षर बदललं असेल, किंवा त्यात बॅकअप नावाचा फोल्डरच नसेल. पेन ड्राइव्ह नीट लावून पाहिला की काम होण्याचा संभव मोठा.

दुसरी ओळ प्रोग्रॅमच्या कृतीत तो कुठे अडला ते सांगते: बॅकअप नावाची फाईल, ओळ ८४. ‘डी:\ए\१\एस’ हा भाग बिल्ड सर्व्हरचा. मायक्रोसॉफ्टची अझूर पाइपलाइन्स नावाची सेवा आहे, तिच्या विंडोज मशीनवर काम याच जागी होतं. एस म्हणजे सोर्स, कृतीची वही. नावं इतकी आखूड ठेवलेली सोयीची पडतात, कारण विंडोजमध्ये एका पत्त्याला साधारण २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे.

आणखी गंमत ऐका. या सेवेत भाड्याने मिळणारं मशीन त्या कामापुरतं उभं राहतं आणि काम झालं की मोडलं जातं. लग्नातल्या आचाऱ्याच्या चुलीसारखं. पंगत उठली की चूल मोडली. म्हणजे ज्या ‘डी’ला आपण घाबरलो, ती जागा आज कुठेच उरलेली नसते. ती आपल्या कॉम्प्युटरवर शोधायची नाही, त्या नावाचा फोल्डर तयार करायचा नाही आणि त्यासाठी फॉरमॅट तर मुळीच मारायचं नाही.

‘अ‍ॅट’ने सुरू होणाऱ्या अशा ओळी एकाखाली एक पुष्कळ असतात. ती निरोपाची साखळी आहे. मला जाऊबाईंनी सांगितलं, त्यांना सासूबाईंनी, त्यांना मामंजींनी. सगळ्यात वरची ओळ जिथे काम अडलं तिथली, खालच्या ओळी कुणी कुणाला काम सांगितलं त्या.

कुणाचा पत्ता, कसं ओळखायचं?

परक्या पत्त्याची मोठी खूण म्हणजे त्याच्या आधी ‘इन’ आणि शेवटी ‘लाइन’ व आकडा. ‘सीएस’ हे शेपूट सी शार्प भाषेतल्या कृतीचं आहे. आपल्या हिशोबाच्या फाईलला ते नसतं. पत्त्यात ‘होम, रनर, वर्क’ किंवा ‘जेनकिन्स, वर्कस्पेस’ असे शब्द दिसले तर तेही बिल्ड सर्व्हरचे. काही वेळा पत्ता नुसता तिरकी रेघ, खालची रेघ, परत तिरकी रेघ असा सुरू होतो. तिथे तयार करणाऱ्यांनी शेडचा पत्ता मुद्दाम झाकलेला असतो.

एक खूण मात्र फसवी आहे. कधी पत्ता असा येतो: सी, यूजर्स, मग एखाद्या अनोळखी माणसाचं नाव, मग ‘सोर्स, रेपोज’. ते नाव बघून वाटतं, हा कोण आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरला? शेवटी ‘लाइन’ आणि आकडा असेल, तर ते नाव बहुधा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं. त्याने बिल्ड सर्व्हर न वापरता स्वतःच्याच कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम तयार केला, म्हणून त्याचं नाव नोंदीत राहिलं.

आपला पत्ता बहुतेक वेळा वरच्या ओळीत, अवतरणचिन्हांत असतो आणि त्यातली नावं ओळखीची असतात. ‘कुड नॉट फाइंड’ म्हणजे सापडलं नाही. ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ म्हणजे तिथे जायची परवानगी नाही. ‘बीइंग यूज्ड बाय अनदर प्रोसेस’ म्हणजे ती फाईल दुसरीकडे उघडी आहे. एक्सेलमध्ये उघडी असेल, तर बंद करून पुन्हा बघा.

आणि वर आपला पत्ताच नसेल तर? ‘ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट’ असा संदेश पुष्कळदा येतो. त्याचा अर्थ असा की, डबा असेलच असं धरून प्रोग्रॅमने फळीवर हात घातला आणि तिथे डबाच नव्हता. एखादी चौकट आपण रिकामी सोडली म्हणूनही तसं होतं. पण रिकामी चौकट दिसली तर ‘ही भरा’ असं सांगणं प्रोग्रॅमचं काम आहे. ती दुरुस्ती तयार करणाऱ्यांनीच करायची. त्याचा ठपका आपल्या सचिवताईंवर ठेवू नका.

मग करायचं काय?

पहिलं, चौकट घाईने बंद करू नका. ‘डिटेल्स’ असं बटण असेल तर ते दाबा आणि सगळ्या मजकुराचा मोबाइलवर फोटो काढा, खालपर्यंत. ‘कंटिन्यू’ आणि ‘क्विट’ अशी दोन बटणं दिसली, तर ‘कंटिन्यू’ म्हणजे चूक तशीच सोडून पुढे जाणं आणि ‘क्विट’ म्हणजे प्रोग्रॅम बंद. हिशोबाच्या कामात बंद करून पुन्हा उघडलेलं बरं. उघडल्यावर शेवटची नोंद पूर्ण झाली का, अर्धीच राहिली का, ते तपासा.

दुसरं, रजिस्टरमध्ये लिहा: तारीख, वेळ, कुठलं काम चालू होतं, तेच काम पुन्हा केलं तर तोच संदेश येतो का, आणि प्रोग्रॅमची आवृत्ती. आवृत्ती ‘हेल्प’मधल्या ‘अबाउट’मध्ये सापडते. ती फार महत्त्वाची, कारण प्रोग्रॅम सुधारला की ओळी खालीवर होतात. आजच्या आवृत्तीतली ८४वी ओळ पुढच्या आवृत्तीत ९०वी झालेली असेल. बॅच नंबर नसला तर खडा कुठल्या दिवशीच्या पापडातला, हे कसं कळणार?

तिसरं, फोटो प्रोग्रॅम देणाऱ्यांना पाठवा. त्यात सदस्यांची नावं, खाते क्रमांक, आधार क्रमांक दिसत असतील तर आधी झाका. फोन नंबर पावतीवरचा घ्या, इंटरनेटवर शोधून मिळालेला नको. ओटीपी किंवा पिन कुणालाही सांगू नका, आणि अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपला पडदा त्याला दिसेल असं कुठलंही अ‍ॅप घेऊ नका. कुणी फसवून पैसे काढलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

चौथं, कुणी फॉरमॅटची गोष्ट काढली तर दोन प्रश्न विचारा. “यातला कुठला पत्ता आमच्या कॉम्प्युटरचा आहे, दाखवा बरं?” आणि “हिशोबाची नक्कल आधी कुठे काढून ठेवणार?” या दोन्हींची नीट उत्तरं मिळेपर्यंत कॉम्प्युटर कुणाच्या हातात देऊ नका.

पुढच्या बैठकीसाठी

पुढच्या बैठकीत एखाद्या संदेशाचा फोटो सगळ्यांनी मिळून वाचा. इंग्रजी येणारी मुलगी अक्षरं वाचेल. बाकीच्यांनी फक्त सांगायचं, हा पत्ता आपल्या घरचा की शेडचा. आपल्या पत्त्याखाली हिरवी रेघ ओढा, परक्या पत्त्याखाली लाल. हिरव्याचं काम आपलं, लालची खबर तयार करणाऱ्यांना. दोन-तीन संदेश असे वाचले की सगळ्यांची नजर बसेल, आणि चौकट उघडली की कुणी सचिवताईंना “काय दाबलंस?” असं विचारणार नाही. “पत्ता कुणाचा आहे?” असं विचारतील.